उलट प्रश्न येणार नाही असा कामाचा ईमेल

कामाचा मेल नीट लिहिला गेला की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. वाचणाऱ्याला काम सुरू करण्याआधी आपल्याला उलट काही विचारावं लागलं का? ‘नक्की कोणती फाइल?’, ‘कधीपर्यंत हवंय?’, ‘हे मी करायचंय की तुम्ही करताय?’ असं उत्तर आलं, तर मेल कितीही नम्र आणि शुद्ध असला तरी तो अर्धवट होता. मग त्यावर दुसरा मेल, दुसऱ्यावर तिसरा, आणि दोन मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. समोरचा माणूस दुसऱ्या देशात असेल, आपल्या दिवसाला त्याची रात्र असेल, तर प्रत्येक प्रश्नागणिक एक अख्खा दिवस खर्ची पडतो.

फर्डं इंग्रजी किंवा अलंकारिक मराठी यांचा या कसोटीशी फारसा संबंध नाही. साध्या भाषेतला, आठ-दहा ओळींचा मेल हे काम चोख करतो. त्यासाठी लिहिण्याआधी थोडा विचार लागतो आणि लिहून झाल्यावर थोडी काटछाट.

आधी एक वाक्य ठरवा

मेल लिहायला घेण्याआधी स्वतःला विचारा, हा मेल वाचून झाल्यावर त्या माणसाने काय करायला हवं? उत्तर एका वाक्यात द्या. ‘बिल मंजूर करावं.’ ‘तीन तारखांपैकी एक निवडावी.’ ‘काही करायचं नाही, फक्त माहीत असावं.’ हे शेवटचं उत्तरही अगदी योग्य आहे, पण तेही मेलमध्ये स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर वाचणारा आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते शोधत बसतो. असं एक वाक्य जमतच नसेल तर आपल्याला काय हवंय हे आपलंच ठरलेलं नाही. अशा वेळी मेल लिहायला बसलं की मजकूर लांबत जातो, कारण आपण लिहिता लिहिता विचार करत असतो आणि त्या विचाराचा सगळा प्रवास वाचणाऱ्याला घडतो.

मेल पाठवायचा की नाही, हेही याच टप्प्यावर ठरतं. कुणाशी खटका उडालाय, कुणाला वाईट बातमी द्यायची आहे, किंवा एकाच मुद्द्यावर चार मेल इकडून तिकडे जाऊनही गोंधळ कायम आहे, तर फोन करा. फोनवर जे ठरलं ते मग तीन ओळींत मेलने कळवा: ‘आत्ताच्या बोलण्यानुसार आराखड्यातले बदल मी करते, छपाईची व्यवस्था तुम्ही बघाल. माझ्याकडून काही राहिलं असेल तर कळवा.’ हा छोटा मेल फार मोलाचा असतो. सहा महिन्यांनी ‘असं कुठे ठरलं होतं?’ हा प्रश्न निघाला की तोच उपयोगी पडतो.

विषयाची ओळ

‘माहिती हवी’, ‘महत्त्वाचे’, ‘मीटिंगबाबत’, ‘नमस्कार’. या चारही ओळी वाचून आत काय आहे ते कळत नाही. विषयाच्या ओळीत दोन गोष्टी यायला हव्यात: कामाचं नाव आणि त्या कामाचं काय. ‘वार्षिक अहवाल: प्रकरण ३ तपासून हवं, १६ जूनपर्यंत’ ही ओळ वाचूनच वाचणारा ठरवू शकतो की मेल आत्ता उघडायचा की दुपारी. मोबाइलवर या ओळीची सुरुवातीची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणून ‘आपल्या दिनांक अमुकच्या पत्राच्या संदर्भात’ अशी सुरुवात केली तर कामाचा शब्द दिसायच्या आतच ओळ संपते. मुख्य शब्द पुढे घ्या.

ही ओळ पुढे मेल शोधायलाही लागते. वर्षभराने कुणी ‘वार्षिक अहवाल’ टाकून शोधेल, ‘माहिती हवी’ टाकून कुणीही शोधणार नाही. नवीन विषय काढायचा असेल तर जुन्या मेलला उत्तर देऊन त्यात तो घुसडू नका. अहवालाच्या साखळीत रजेचा अर्ज पडला की तो नंतर कुणालाच सापडत नाही. आणि ‘तातडीचे’ हा शब्द खरोखर तातडी असेल तेव्हासाठी राखून ठेवा.

कुणाला, सीसी कुणाला, बीसीसी कुणाला

‘टू’च्या रकान्यात ज्याने काम करायचं आहे तो माणूस. सीसीमध्ये ज्याला फक्त माहीत असावं तो. हा फरक पाळला तर निम्मा गोंधळ कमी होतो. पाच जणांना ‘टू’मध्ये घालून ‘कृपया कुणीतरी बघा’ असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. पाच जणांना लिहावंच लागलं तर मजकुरात प्रत्येकाचं नाव घेऊन त्याच्यापुढे त्याचं काम लिहा.

साहेबांना सीसीमध्ये ठेवणं हा नाजूक भाग आहे. समोरच्याने अजून काही चूक केलेली नसताना त्याच्या वरिष्ठाला सीसी केलं, तर मेलची भाषा कितीही गोड असो, त्याला ती तक्रारच वाटते. नेहमीची पद्धत असेल तर प्रश्न नाही. एरवी आधी थेट लिहा.

बीसीसीचा खरा उपयोग एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांना एकच सूचना पाठवताना होतो. सगळे पत्ते बीसीसीत टाकले की कुणाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही आणि कुणी ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी ते बाकीच्यांपर्यंत जात नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चाचणीचा एक मेल सुमारे ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांच्या यादीला गेला. लोकांनी सगळ्यांना उत्तर देऊन ‘मला या यादीतून काढा’ असं लिहायला सुरुवात केली आणि सगळी मेलव्यवस्था तुंबली. आपल्या यादीत पन्नासच माणसं असली तरी हेच घडतं, फक्त बातमी होत नाही. मात्र एखाद्याला गुपचूप मेल दिसावा म्हणून बीसीसीत ठेवू नका. त्याने चुकून सगळ्यांना उत्तर दिलं की तो तिथे होता हे उघड होतं आणि गेलेला विश्वास परत मिळवणं अवघड जातं.

मजकूर: एक मेल जवळून पाहू

असे मेल रोज येतात:

*विषय: माहितीसाठी*
*नमस्कार सर, आशा आहे की आपण कुशल असाल. मागच्या आठवड्यात आपलं फोनवर बोलणं झालं होतं, त्याप्रमाणे प्रशिक्षणाचं काम सुरू आहे. हॉलची चौकशी केली, दोन ठिकाणं बघितली, एक लहान आहे आणि दुसऱ्याचं भाडं जरा जास्त आहे पण तिथे प्रोजेक्टर आहे. काही जणांनी तारखेबद्दलही विचारलं. तसंच बाहेरगावच्या लोकांच्या राहण्याचं काय करायचं तेही ठरवावं लागेल. तरी आपण बघून लवकरात लवकर कळवावं ही नम्र विनंती.*

मेल नम्र आहे, व्याकरणही ठीक आहे. पण सरांनी काय कळवायचं? हॉल, तारीख की राहण्याची सोय? लहान म्हणजे किती लहान, जास्त म्हणजे किती जास्त, आणि लवकरात लवकर म्हणजे कधी? सर हा मेल वाचतील, ‘संध्याकाळी बघू’ म्हणून बाजूला ठेवतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. आता हाच मेल असा लिहिला तर:

*विषय: २७ जूनचं प्रशिक्षण: हॉलसाठी गुरुवारपर्यंत संमती हवी*
*नमस्कार सर,*
*२७ जूनच्या प्रशिक्षणासाठी मोठा हॉल घ्यावा असं मला वाटतं. तुमची संमती गुरुवारी, १२ जूनला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत मिळाली, तर शुक्रवारी सकाळी मी आगाऊ रक्कम भरून हॉल नक्की करते.*
*लहान हॉल: ४० खुर्च्या, प्रोजेक्टर नाही.*
*मोठा हॉल: ८० खुर्च्या, प्रोजेक्टर आहे, भाडं लहान हॉलच्या दीडपट.*
*आतापर्यंत ५५ जणांनी नावं दिली आहेत, त्यामुळे लहान हॉल पुरणार नाही. दोन्ही हॉलची दरपत्रकं सोबत जोडली आहेत.*
*बाहेरगावच्या लोकांच्या राहण्याबद्दल सोमवारी वेगळा मेल पाठवते.*

पहिल्याच वाक्यात मागणी आली. दुसऱ्यात मुदत आली आणि त्या मुदतीचं कारणही आलं. कारण दिलं की मुदत हुकूम वाटत नाही. ‘जरा’ आणि ‘काही’ जाऊन आकडे आले. सगळ्यात मोठा बदल म्हणजे लिहिणारीने स्वतःचं मत दिलं. नुसते दोन पर्याय पुढे ठेवले की निर्णयाचं ओझं वाचणाऱ्यावर पडतं. आपली शिफारस आणि तिचं कारण दिलं तर त्याला ‘हो’ एवढंच लिहायचं उरतं. पटलं नाही तर तो तसं म्हणेल, बिघडत काही नाही. आणि राहण्याचा विषय वेगळा काढला. एका मेलमध्ये तीन निर्णय मागितले की सोप्या एकाचं उत्तर येतं आणि बाकीचे दोन हरवतात. तीन प्रश्न एकत्र विचारणं भागच असेल तर त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या, म्हणजे उत्तरही त्याच क्रमाने येतं.

‘आशा आहे की आपण कुशल असाल’ हे वाक्यही गेलं. ते इंग्रजीतून उचललेलं आहे आणि कुणीही ते वाचत नाही. आपल्या जुन्या पत्रांत ‘स. न. वि. वि.’ एवढ्यात नमस्कार आटपायचा आणि पुढची ओळ कामाची असायची. तो रिवाज मेललाही शोभतो. जिव्हाळ्याचं काही खरोखर म्हणायचं असेल, म्हणजे समोरचा आजारातून उठलाय किंवा त्याला बढती मिळालीय, तर जरूर लिहा, पण त्या माणसाबद्दल लिहा.

कोण करणार, ते लिहा

मराठी मेलमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सरकारी पत्रव्यवहाराच्या सवयीने आपण लिहितो, ‘सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी.’ कोणी करावी? कोणती? केव्हा? या वाक्यात कर्ताच नाही, त्यामुळे ते काम कुणाचंच राहत नाही. ‘तुम्ही बुधवारपर्यंत ठेकेदाराला नोटीस पाठवा आणि प्रत मला द्या’ असं लिहिलं तर ते उद्धट होत नाही. मानाने सांगायचं असेल तर ‘पाठवाल का?’, ‘पाठवावी ही विनंती’ म्हणा, पण कर्ता सोडू नका.

‘आपण’ हा शब्दही सांभाळून वापरा. ‘हा तक्ता आपण शुक्रवारपर्यंत पूर्ण करायचा आहे’ या वाक्यातला ‘आपण’ म्हणजे मान देऊन म्हटलेले ‘तुम्ही’, की ‘तुम्ही आणि मी मिळून’? बोलताना सुरावरून कळतं, मेलमध्ये कळत नाही. जिथे काम वाटायचं आहे तिथे सरळ ‘तुम्ही’, ‘मी’ किंवा ‘आपण दोघे’ लिहावं. ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे. एकदा ‘तुम्ही’ आणि पुढच्या ओळीत ‘आपण’ अशी सरमिसळ मात्र नको.

तारखांचंही असंच. ‘उद्या’ लिहिलं आणि समोरच्याने मेल दुसऱ्या दिवशी उघडला तर त्याचा उद्या वेगळा असतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एखादा आकडा चुकला तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि चूक लगेच लक्षात येते. वाचणारा दुसऱ्या देशात असेल तर वेळेपुढे ती कुठली वेळ तेही लिहा.

स्वर

लेखी शब्द बोलल्यापेक्षा कोरडा वाटतो, कारण सोबत चेहरा नसतो. ‘हे असं का केलं?’ हा बोलताना साधा प्रश्न असतो, मेलमध्ये तो जाब वाटतो. ‘यामागचा विचार समजून घ्यायचा आहे’ असं लिहिलं की तोच प्रश्न मवाळ होतो. उद्गारचिन्हांची रांग, लाल रंग, मोठा ठळक टाइप हे सगळं टाळा. इमोजी ओळखीच्या सहकाऱ्याला चालतो, पहिल्याच मेलमध्ये नको.

रागाच्या भरात लिहिलेल्या मेलबद्दल सल्ला जुनाच आहे. इंटरनेटवर कसं वागावं याची जी मार्गदर्शक तत्त्वं १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांत भावनेच्या भरातलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या असं सांगितलं आहे. लिहायचंच असेल तर ‘टू’चा रकाना रिकामा ठेवून लिहा. सकाळी त्यातली दोन वाक्यं कामाची निघतात, ती घेऊन नवा मेल लिहा. सही चार ओळींपेक्षा लांब नसावी हा संकेतही त्याच दस्तावेजात आहे आणि तो आजही पाळण्यासारखा आहे: नाव, पद, संस्था, फोन. सुविचार नको.

जोडलेल्या फाइली

फाइल जोडली असेल तर ती कसली आहे आणि त्यात नेमकं कुठे बघायचं हे मजकुरात लिहा. ‘सोबतचा अहवाल पाहावा’ यापेक्षा ‘अहवालातला पान ४ वरचा खर्चाचा तक्ता पाहावा’ हे कितीतरी बरं. फाइलचं नाव ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ असं न ठेवता त्यात विषय आणि तारीख घाला.

जीमेलमधून जोडायच्या फाइलींची मर्यादा २५ एमबी आहे, आणि बऱ्याच कार्यालयांचे सर्व्हर त्याहूनही कमी घेतात. शिवाय मेलमधून जाताना फाइल मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. आपल्याकडची १८ एमबीची फाइल पोचेपर्यंत २४ एमबी होते. मोठ्या फाइलीसाठी ड्राइव्हची लिंक द्या, पण आधी ती लिंक वाचणाऱ्याला उघडता येते का ते पाहा. ‘परवानगी मागा’ ही पाटी दिसली की पुन्हा तोच उलट मेल येतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर मेलमध्ये चिकटवू नका. तो फाँट वाचणाऱ्याकडे नसेल तर त्याला नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. मेलचा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुना दस्तावेज तसाच पाठवायचा असेल तर त्याची पीडीएफ करून जोडा.

अवघड मेल

नकार देताना नकार पहिल्या दोन ओळींत द्या. तीन परिच्छेद कौतुक आणि शेवटी ‘परंतु’, ही रीत समोरच्याला आशेवर ठेवते. ‘या महिन्यात मला हे काम घेता येणार नाही. हाती असलेली दोन कामं ३० तारखेपर्यंत संपवायची आहेत. जुलैमध्ये चालणार असेल तर १ तारखेपासून सुरू करू शकते.’ नकार, कारण आणि जमत असेल तर दुसरी वाट. एकच कारण द्या. तीन दिली की सबबी वाटतात.

चूक झाली असेल तर काय झालं, त्याचा कुणावर परिणाम झाला, आता काय केलं आहे आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे लिहा. ‘काल पाठवलेल्या यादीत ११ नावं दोनदा आली होती. दुरुस्त यादी सोबत आहे, कालची वापरू नये. यापुढे यादी पाठवण्याआधी दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घेऊ. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.’ ‘गैरसोय झाली असल्यास’ असं लिहू नका. गैरसोय झालेलीच असते आणि त्या ‘असल्यास’मुळे माफी अर्धी होते.

तक्रारीच्या मेलमध्ये घटनाक्रम तारखांसह द्या, बिल किंवा ऑर्डरचा क्रमांक पहिल्याच ओळीत द्या आणि शेवटी काय हवं ते नेमकं सांगा: पैसे परत, वस्तू बदलून की लेखी खुलासा. विशेषणं जितकी कमी, तितकी तक्रार वजनदार.

पाठवण्याआधी आणि नंतर

पत्ता सगळ्यात शेवटी टाका, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. पत्ता आपोआप भरला जातो तेव्हा त्याच नावाचा दुसराच माणूस येतो, म्हणून नाव पुन्हा वाचा. एकदा मेल हळू आवाजात स्वतःला वाचून दाखवा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. फॉरवर्ड करत असाल तर खाली लोंबणारी जुनी साखळी शेवटपर्यंत पाहा, कारण ती नव्या माणसासाठी लिहिलेली नव्हती आणि तिच्यात कुणाचा पगार किंवा कुणाबद्दलचा शेरा असू शकतो.

जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत आधीपासून ५ सेकंदांची असते, सेटिंगमध्ये जाऊन ती ३० करून ठेवा. आउटलुकमध्ये मेल परत बोलावण्याची सोय आहे, पण ती एकाच संस्थेच्या आतल्या मेलसाठी चालते. बाहेर गेलेला मेल परत येत नाही.

मेल आला आणि उत्तर लगेच देता येणार नसेल, तर तेवढंच कळवा: ‘मिळाला. मंगळवारी सविस्तर लिहितो.’ वाट पाहणाऱ्याला हे दोन शब्दही पुरतात.

उत्तर आलं नाही तर मुदत उलटल्यावर दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि त्याच साखळीत आठवण करा, म्हणजे जुना मजकूर खालीच असतो. ‘माझा आधीचा मेल मिळाला का?’ एवढंच विचारलं तर त्याला तो शोधत जावं लागतं. मागणी पुन्हा एका ओळीत लिहा आणि उत्तर न आल्यास आपण काय करणार तेही सांगा: ‘हॉलसाठी तुमची संमती अजून हवी आहे. बुधवारी, १८ जूनला दुपारी १२ नंतर हॉल दुसऱ्याला दिला जाईल, म्हणून त्याआधी ११ वाजता मी तुम्हाला फोन करते.’ मग ११ वाजता खरोखर फोन करा.